डाळ शिजेल का

माझ्या व्हॅनमध्ये बाराही महिने
रिकाम्या बाटल्या किणकिणतात.
जिथे माणसांचं रक्त धुतलं जातं
त्या इस्पितळांच्या तळघरांतून मी पाणी भरून आणतो,
मोजतो, चिठ्ठी चिकटवतो.
बावीस वर्षं हेच.
हा देश मी पाहिला तो नळाखालून.

केंटमध्ये पाणी खडूचं.
केटलच्या बुडाशी पांढरी पापडी धरते,
नखाने खरवडली तर भुगा होतो.
कधीकाळच्या समुद्रातले ते जीव
सगळे तळाशी बसले, डोंगर झाले,
आणि आज सकाळी डोव्हरच्या एका टपरीत
माझ्या चहावर तवंग धरून आले.
टपरीवाली म्हणाली, लिंबू पिळ.

कॉर्नवॉलला ग्रॅनाइट. पाणी हलकं, जिभेवर न थांबणारं.
तिथे शेताच्या कडेला एक जुनी विहीर,
वरच्या काटेरी झाडाला चिंध्या बांधलेल्या,
निळी, मळकी, एक तान्ह्या बाळाचा मोजा.
कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.
नमुना घेतला नाही त्या पाण्याचा.
श्रद्धा वगैरे काही नाही,
बाटल्या संपल्या होत्या.

वेल्समध्ये, मशीनला जोडलेल्या एलुनेदबाई
माझ्याशी बोलायच्या, चार तास कुठे जाणार बिचाऱ्या.
आजोबांचं देऊळ धरणाखाली गेलं त्यांच्या.
उन्हाळा कडक पडला की
कंपाउंडाची भिंत वर येते म्हणे, गेट नाही.
"पाणी आमच्या दरीतलं,
नळ दुसऱ्यांच्या शहरात."
मी कोयनेचं नाव काढलं नाही.
मावशीचं घरही तसंच गेलेलं, पण
दुसऱ्याच्या दुःखाला आपलं दुःख जोडायची
एक वाईट खोड असते माणसाला.

"तुझ्या गावचं पाणी कसं?"
बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं.
दहिवडीकडचा आमचा आड.
आकडा कधी काढलाच नाही मी.
म्हटलं, बाई, आमच्यात डाळ शिजायची नाही.
आई रात्री भिजत घालायची, सोडा टाकायची,
चुलीपुढे बसून त्या डाळीला शिव्या घालायची.
"डाल," त्या म्हणाल्या.
नाही. डाळ.
जीभ मागे वळवा, टाळूला लावून सोडा.
त्या बदल्यात त्यांनी मला त्यांच्याकडचा एक ल दिला,
दाताच्या बाजूने वारा सोडणारा.
दोघंही नापास झालो. नर्स हसली.

पुढच्या फेरीत त्या खुर्चीवर
पेपर वाचणारा एक म्हातारा होता.
मी पाणी भरलं, चिठ्ठी लावली.

उत्तरेला जाताना रोमन लोकांची भिंत लागते,
म्हणजे तिची उरलेली पाठ.
तासलेले बरेच दगड आता
मेंढ्यांच्या कोंडवाड्यात, कुणाच्या पायरीत.
एका शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला,
दगड चांगला होता, पडून का राहू द्यायचा?
आमच्याकडच्या गढ्यांचंही असंच झालं,
फक्त आमच्यात कुणी इतकं सरळ सांगत नाही.

आणि मग विक.
रस्ता जवळजवळ संपतो, झाडं तर आधीच संपतात.
नळातून पाणी येतं तेच तपकिरी,
कुजल्या गवताच्या काळ्या मातीतून निथळलेलं,
जणू कुणीतरी आधीच चहापत्ती टाकलीय.
मोजलं. इतकं हलकं की
मी यंत्र झटकून पुन्हा मोजलं.

त्या रात्री व्हॅनच्या मागच्या दारात,
वाऱ्याला पाठ देऊन, स्टोव्हवर
मूठभर तूरडाळ टाकली. भिजत घातली नव्हती.
थोड्याच वेळात झाकण उचललं
तर दाणा दिसेना.
पळीला चिकटलेलं पिवळं नुसतं मेण.

आई असती तर आधी चाखलं असतं,
मग त्या काळ्या, उघड्या माळाकडे बघून
म्हणाली असती, पाणी गोडं आहे,
इथे लेक द्यायला हरकत नाही.

मी जीभ मागे वळवली.
डाळ, म्हटलं, मोठ्याने,
एलुनेदबाईंना ऐकू जाईल इतपत.